नोंदवहीतील नाव आणि संगणकाची खिडकी



मुंबई शहरास जिल्हा परिषद नाही. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या वस्त्यांतील प्राथमिक शाळा महानगरपालिकेच्या किंवा खाजगी संस्थांच्या आहेत. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपुढील व्याख्यानात या वस्त्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, लालबाग-परळच्या चाळींत ज्यांनी आयुष्य काढले त्यांतील फार मोठा वर्ग रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे अशा जिल्ह्यांच्या खेड्यांतून तेथे गेलेला आहे. त्यांपैकी जे शाळेत गेले त्यांच्या नावाची पहिली लेखी नोंद गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात झाली. आणि आज उतारवयात त्याच नावाची तपासणी मुंबईत संगणकाच्या पडद्यावर होत आहे. या दोन ठिकाणी एका अक्षराचे अंतर पडले म्हणजे माणसाची कशी ओढाताण होते, आणि ती टाळण्याचे किती सामर्थ्य प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणकाने पुष्कळ कामे सोपी केली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विजेचे बिल भरण्यासाठी आता अर्धा दिवस मोडत नाही. सात-बाराचा उतारा पाहण्यास तालुक्याची वाट धरावी लागत नाही. हे सर्व खरे असूनही, ज्याला त्याला या यंत्राविषयी काही ना काही कुरकुर असतेच. त्या कुरकुरीचे साधारणपणे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार न दिसणाऱ्या रांगेचा. पूर्वी खिडकीपुढे उभे राहणाऱ्यास आपल्यापुढे किती माणसे आहेत हे दिसे. पाय दुखत, पण अंदाज येई. संकेतस्थळावरील रांग दिसत नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्या लालबाग-परळच्या कुटुंबांस याचा अनुभव दरवर्षी येतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते; त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता घरातील दोघेतिघे मोबाइल घेऊन बसतात, पडद्यावर चक्र फिरत राहते, आणि ते थांबते तेव्हा समोर प्रतीक्षायादी असते. आपल्याआधी कोण गेले, किती गेले, हे कळण्यास मार्ग नसतो.

दुसरा प्रकार ओळख पटविण्याचा. मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा ठरावीक मिनिटांत भरावयाचा असतो. मोबाइल बहुधा मुलाच्या नावावर, मुलगा कामावर, आणि अर्ज म्हाताऱ्याचा. फोन करून आकडा विचारीपर्यंत त्याची मुदत टळते. निवृत्तिवेतनधारकांसाठी संगणकीय हयातीच्या दाखल्याची योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. उद्देश चांगला होता. परंतु उभे आयुष्य हाताने काबाडकष्ट केलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि ठसा घेणारे यंत्र त्याला ओळखीत नाही. पुढे २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण काहीशी कमी झाली.

हे दोन्ही प्रकार त्रासाचे असले तरी उपायाचे आहेत. एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. ठसा उमटला नाही तर चेहरा दाखविता येतो. तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. तो नावाचा. एका कागदावरील नाव दुसऱ्या कागदावरील नावाशी जुळत नाही, म्हणून संगणक हे दोन निराळे मनुष्य आहेत असे मानतो. येथे घर, वेतन, वारसा, शिक्षण अशा गोष्टी पणास लागतात. गिरणी कामगारांच्या घरांचे प्रकरण याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली, आणि ताडदेवला ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत दादर, परळ, लालबाग हा सारा मुलूख गिरण्यांच्या भोंग्यावर जागा होऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवण्याचे धोरण ठरले, आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो कामगार, किंवा त्याच्या पश्चात त्याचा वारस, घरास पात्र ठरला. अशा अर्जदारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. त्या मानाने घरे फार थोडी होती. म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग व श्रीनिवास या गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत निघाली.

सोडतीत संगणकाने चांगले काम केले हे सांगितले पाहिजे. चिठ्ठी कोणी काढली, कोणाची काढली, असा संशय घेण्यास तेथे जागा उरली नाही. परंतु सोडतीत नाव लागणे आणि पात्रता सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने उरलेल्या सर्व अर्जदारांची पात्रता तपासण्याची मोहीम हाती घेतली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवेचा दाखला, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद अशा कागदांच्या प्रतिमा संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरून चढवावयाच्या होत्या, आणि सोबत आधार कार्ड जोडावयाचे होते. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार २०२३ मध्ये पासष्टीच्या पुढे गेलेला. कित्येकांच्या पश्चात त्यांच्या विधवा किंवा मुले अर्ज करीत होती.

या कागदांकडे नीट पाहिले म्हणजे अडचण कोठे उत्पन्न होते ते समजते. गिरणीत माणूस नावापेक्षा तिकीट क्रमांकावरून ओळखला जाई. हजेरीपट लिहिणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरविले. कोठे आडनाव गळले व नुसते स्वतःचे व वडिलांचे नाव राहिले. कोठे घरगुती हाकेचे नावच पटावर चढले. शाळेच्या दाखल्यात ‘लक्ष्मण’, गिरणीच्या पटावर ‘लखू’, शिधापत्रिकेत ‘लक्ष्मणराव’. पत्नीच्या कागदांत तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि नावापुढे कधी लागलेली, कधी न लागलेली ‘बाई’, असा तिहेरी गुंता. चाळीतल्या शेजाऱ्याला विचारले तर तो एका क्षणात सांगेल की हा एकच मनुष्य आहे. संगणकाला शेजारी नसतो.

संगणक असा हटवादी का, याचे कारण समजून घेणे शिक्षकांस उपयोगी पडेल. संगणक अक्षर ओळखीत नाही. त्याच्यापाशी प्रत्येक अक्षरासाठी एक अंक ठरलेला असतो. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतानुसार ‘क’चा अंक २३२५, ‘ल’चा २३५४ आणि ‘ळ’चा २३५५ आहे. दोन शब्दांमधील रिकाम्या जागेलाही ३२ हा अंक आहे. नावांची तुलना करावयाची म्हणजे अंकांच्या दोन माळा शेजारी ठेवून एकेक मणी ताडून पाहावयाचा. एक मणी निराळा निघाला की दोन्ही माळा वेगळ्या. काही प्रणाली थोडा फरक क्षम्य मानतात. परंतु तशी सवलत आधी ठरवून द्यावी लागते, आणि ती कोणी ठरविली नसेल तर यंत्र आपण होऊन दाखवीत नाही.

मराठी नावांवर यातून दुहेरी संकट येते. रोमन लिपीत ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’ यांचा भेद राहत नाही. ‘कांबळे’ लिहिताना ‘बी’ व ‘एल’ यांच्यामध्ये ‘ए’ घालावा की नाही, ‘गावडे’ यात ‘डब्ल्यू’ असावा की ‘व्ही’, ‘लक्ष्मण’ यात ‘एक्स’ असावा की ‘के-एस-एच’, याचा नियम नाही. एकाच घरात बापाचे आडनाव एका तऱ्हेने व मुलाचे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते. पुढे रोमनवरून पुन्हा देवनागरी करण्याचे काम यंत्राकडे सोपविले की ‘गावडे’चे ‘गवडे’ होऊन छापून येते.

देवनागरीतच लिहिले तर सर्व संकटे टळतील, असेही नाही. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडकर’ या नावांतील आडवा अर्धा ‘र’ पाहावा. खिळे जुळवून छापण्याच्या काळी या अक्षराचा खिळा खणातून उचलून बसविला की काम झाले. आणि चुकीचा खिळा बसला तरी मुद्रितशोधकाची नजर त्यावर पडत असे. संगणकात हेच अक्षर दोन निरनिराळ्या अंकमालांनी उमटविता येते: एकीत नेहमीचा ‘र’, म्हणजे २३५२, असतो व त्यास एक अदृश्य जोडचिन्ह लागते, दुसरीत नुक्त्याचा ‘ऱ’, म्हणजे २३५३, असतो. कागदावर दोन्ही अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात. वाचणाऱ्यास फरक कळणे अशक्य. यंत्रास मात्र ती दोन नावे वाटतात. अशा वेळी ‘नाव जुळत नाही’ एवढा एक शेरा येतो, आणि अर्जदार आपले काय चुकले हे शोधीत बसतो. त्याचे काहीच चुकलेले नसते.

नावासारखीच जन्मतारखेची कथा आहे. महाराष्ट्रातील असंख्य माणसांची लेखी जन्मतारीख १ जून आहे, आणि याचे कारण प्राथमिक शिक्षकांस सांगावयास नको. जन्माची नोंद नसे, मुलाचे वय प्रवेशापुरते भरावे असा हेतू असे, आणि गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालून मूल पटावर घेत. ती कृती दयेची होती. तिच्यामुळे हजारो मुले शाळेत आली. परंतु आधार क्रमांकाची नोंदणी झाली तेव्हा ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांच्या कार्डावर नुसते जन्मवर्ष आले, तर कित्येकांच्या नावापुढे १ जानेवारी ही तारीख पडली. आता शाळेचा दाखला जून म्हणतो, आधार कार्ड जानेवारी म्हणते, आणि माणसास आपला खरा जन्मदिवस ठाऊकच नसतो.

एकदा झालेली चूक सुधारणे किती कठीण आहे, हेही पाहावे. सर्वसाधारण नियमानुसार आधार कार्डावरील नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरातील नोंद बदलणे किती बिकट असते, हे मुख्याध्यापकांस ठाऊकच आहे. मग उरतो राजपत्राचा मार्ग. गिरगावच्या कडेला, चर्नी रोड स्थानकाजवळ, शासकीय मुद्रणालयाची इमारत आहे. नाव बदलल्याची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घेण्यासाठी वर्षानुवर्षे माणसे तेथे येत. आता तोही अर्ज संकेतस्थळावरून करावयाचा असतो. त्या अर्जात जुने नाव व नवे नाव बिनचूक भरावे लागते, आणि ज्याची अडचणच अक्षरांची, त्याला पुन्हा अक्षरांच्याच परीक्षेस बसावे लागते.

हे संकट अल्पशिक्षितांपुरते आहे अशी कोणाची समजूत असेल तर मुंबई विद्यापीठाचे उदाहरण आठवावे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. उत्तरपत्रिका कोणाची, हे तिच्यावरील बारकोडवरून ओळखावयाचे होते. पुरेशी रंगीत तालीम न होता ही पद्धत एकदम लागू झाली. प्राध्यापकांची तपासणी रखडली, आणि काही उत्तरपत्रिकांचा व त्या लिहिणाऱ्यांचा मेळ बसेना. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, आणि अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. येथे मुले शिकलेली होती, शिक्षक विद्वान होते, यंत्रेही नवी होती. कागद आणि त्याचा धनी यांना जोडणारा धागा तुटला की या तिन्हींचा काही उपयोग होत नाही.

म्हणून दोष कोणाचा, याचा विचार नीट झाला पाहिजे. अर्जदारास ‘तुमचेच कागद बरोबर नाहीत’ असे ऐकविणे सोपे आहे. पण त्या कागदांपैकी एकही त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला नाही. शाळेचा दाखला शिक्षकाने, हजेरीपट कारकुनाने, शिधापत्रिका पुरवठा कार्यालयाने आणि आधार कार्ड नोंदणी केंद्रावरील माणसाने लिहिले. लिहिणारे चार, आणि जाब देणारा एक. यास्तव जेथे यंत्र नाव नाकारते तेथे ऐकून घेणारा व निर्णय देणारा माणूस बसविणे, हे शासनसंस्थेचे कर्तव्य ठरते. २०२३ च्या मोहिमेत वांद्रे पूर्व येथे कागद प्रत्यक्ष स्वीकारण्याची सोयही करण्यात आली होती. ती सोय म्हणजे या कर्तव्याची एक प्रकारे कबुलीच होय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नाकारताना कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. ही गोष्ट गावोगाव सांगितली जावी, आणि ती सांगण्यास शिक्षकाइतका योग्य मनुष्य दुसरा नाही.

आता शिक्षकाच्या स्वतःच्या कामाविषयी. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरणे सुरू झाले, आणि पुढे आधारशी ती जुळविणेही आले. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागून माहिती भरणाऱ्या शिक्षकांचा वैताग खोटा नाही. नाव जुळले नाही तर मूल वर्गात समोर बसलेले असूनही पटाच्या हिशेबात येत नाही, आणि शिक्षकांची पदेही त्या हिशेबावर ठरतात. लालबागच्या म्हाताऱ्यास जो शेरा मिळतो तोच शेरा खेड्यातल्या सहा वर्षांच्या मुलासही मिळतो. त्या मुलाच्या बाबतीत मात्र वेळ गेलेली नाही.

काही गोष्टी कटाक्षाने पाळता येतील. प्रवेशाच्या दिवशी जन्माचा दाखला पुढे ठेवून त्यातील नाव अक्षरशः उतरवावे. कानावर विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाच्या कामी जन्माचा दाखलाच जन्मतारखेचा पुरावा ठरतो. त्यामुळे १ जूनचा आधार आता शिक्षकास घेता येणार नाही, व घेण्याची गरजही नाही. दाखल्यातच चूक दिसली तर पालकास तेथल्या तेथे सांगून ती निबंधकाकडून आधी दुरुस्त करवून घ्यावी. नाव देवनागरीत व रोमन लिपीत लिहून झाल्यावर पालकास मोठ्याने वाचून दाखवावे, आणि घरातील वडील माणसांच्या कागदांवर आडनावाची रोमन अक्षरे कशी आहेत ते विचारावे. ‘राव’, ‘बाई’, ‘ताई’ ही आदराची उपपदे दाखल्यात नसतील तर रजिस्टरातही घालू नयेत. चौथीच्या वर्गात प्रत्येक मुलास आपले पूर्ण नाव दोन्ही लिप्यांत न अडखळता लिहिता आले पाहिजे. हा शुद्धलेखनाचाच एक पाठ समजावा. त्याच पाठात एखादा साधा अर्ज रकाना समजून कसा भरावा, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी परक्यास का सांगू नये, हेही शिकविता येईल.

नव्या नियमाकडेही आतापासून लक्ष ठेवले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे व मग आडनाव, अशा क्रमाने लिहावयाचे आहे. आईच्या नावाला मिळालेले हे स्थान सर्वथा योग्य आहे. परंतु पुष्कळ अर्जांत नावासाठी तीनच रकाने असतात. चार भागांचे नाव तीन रकान्यांत कोणी कसे बसविले यावरून उद्या नवे गोंधळ होऊ शकतात. म्हणून शाळेच्या सर्व कागदांत एकच क्रम व एकच रीत ठेवणे अगत्याचे आहे. ही मुले २०३० सालच्या जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येतील. त्यांपैकी कोणी पुढे मुंबईस जाईल, कोणी त्याहून दूर जाईल, आणि कोठेतरी एका पडद्यापुढे आपले नाव लिहून उत्तराची वाट पाहील. ते नाव जुळावे, यासाठी त्या जूनमध्ये रजिस्टर उघडून बसलेल्या शिक्षकाने पाच मिनिटे अधिक खर्च करावीत.